सत्तारभाईंची झोप

गादी विकत घेताना लोक काय बघतात? कापूस दाबून बघतात, शिवण ओढून बघतात, फार तर उचलून वजनाचा अंदाज घेतात. आमच्या अकोल्यात सत्तारभाई गादीवाल्यांच्या दुकानात यातलं काहीच करावं लागत नसे. गादी भरून झाली, शेवटचा टाका पडला, की सत्तारभाई चप्पल काढत, "बिस्मिल्ला" म्हणत आणि गिऱ्हाइकादेखत त्याच गादीवर आडवे होत. दोन मिनिटांत घोरणं सुरू. मग त्यांची बायको जैबुनभाभी आतल्या दारातून सांगायची, "झाली हो पास तुमची गादी!"

गिऱ्हाईक खूश. अडचण एकच, सत्तारभाई उठेपर्यंत गादी नेता येत नसे. तेल्हाऱ्याकडून लग्नाच्या गाद्या न्यायला आलेली माणसं दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसायची, आणि आत त्यांच्या मुलीच्या गादीवर हा गृहस्थ गाढ.

"ताई, गॅरंटीची गोष्ट सांगतो," ते मला म्हणत. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला गॅरंटी असे, अगदी पावसालासुद्धा. "माणसाची झोप डोक्यात नसते, गादीत असते. लोक डोक्याचा इलाज करून राहिले, गादी कोणी पाहून नाई राहिलं."

फोमचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "फोम म्हंजे काय? हवा! हवेवर कोणी झोपते का?"

मी त्यांच्या समोरच राहते. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. पोरांना जागं ठेवण्याचा पगार घेणारी मी, त्यामुळे दिवसाढवळ्या झोपणारा माणूस बघितला की माझं टाळकंच फिरतं. तरी सत्तारभाईंचं मी खपवून घेत होते. म्हटलं, धंदाच आहे त्यांचा.

पण पुढे पुढे ते गादीशिवायही झोपायला लागले. न्हाव्याच्या खुर्चीत झोपले, रॉकेलच्या रांगेत उभ्यानं झोपले. एकदा माझ्याशी बोलताना "ताई, यंदाचा कापूस..." एवढं म्हणाले आणि झोपले. त्या वर्षी यंदाचा कापूस कसा होता, हे मला त्यांच्याकडून शेवटपर्यंत कळलं नाही.

तसं ते सगळ्यांना ठाऊकच होतं म्हणा. ती वर्षंच वाईट होती. सकाळी पेपर उघडायचा तो भीत भीत. पहिल्या पानावर कापूस पिकवणाऱ्या कुणाच्या तरी आत्महत्येची बातमी आणि कुठल्यातरी गावाचं नाव असायचंच, ते आपल्या ओळखीचं नसलं म्हणजे झालं असं वाटायचं. नवीन गादी भरणारे कमी झाले आणि जुनीच पिंजून द्या म्हणणारे वाढले. गावोगाव शिबिरं भरत, आणि कोणीही कुठलाही आजार घेऊन गेलं तरी डॉक्टर "टेन्शन" म्हणून मोकळे होत.

सत्तारभाईंनाही टेन्शनच निघालं. "चिंता करू नका," असं त्यांना सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. आता बोला! झोप आवरत नाही म्हणून गेलेल्या माणसाला झोपेच्या गोळ्या. मी चार दिवस विचार करत होते की यात काहीतरी शास्त्र असेल, आपल्याला कळत नसेल. गोळ्या घेऊन ते सकाळी डोकं धरून उठायला लागले आणि दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसायला लागले. "ताई," मला विचारलं, "जो माणूस इतका झोपते, तो थकते कावून?" वर्गात पोरानं असं विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

मग एका मंगळवारी ते कापूस पिंजायच्या यंत्रावर काम करता करता झोपले. चालू यंत्रावर! कुर्त्याची बाही कोपरापर्यंत आत गेली. जैबुनभाभीनं धावत येऊन बटण बंद केलं म्हणून हात वाचला, नुसतं कातडं सोललं. मी ओरडा ऐकून धावले तर सत्तारभाई फाटक्या बाहीकडे बघत उभे, आणि भाभी त्यांच्या हाताला ओढणी गुंडाळतेय. हात गेला असता तर धंदा गेला असता, आणि बाही आणखी दोन बोटं आत ओढली गेली असती तर माणूसच गेला असता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या झोपेची भीती वाटली.

जखमेला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यांच्या झोपेची तपासणी करा, अमरावतीला होते. अमरावतीत माझी बहीण राहते. म्हणून मीही निघाले.

सकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन बघते तर सत्तारभाई गादी घेऊन उभे! गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, घरची गादी.

"भाई, हे काय?"

"झोप तपासाची आहे ना? मंग! दुसऱ्याच्या गादीवर माही झोप कशी तपासतीन? डोळे तपासाले जातो तवा आपले डोळे नेतो का दुसऱ्याचे?"

गादी बसच्या टपावर चढली. कंडक्टरनं "गादी कुठं उतरणार?" असं विचारून घेतलं. मूर्तिजापूर यायच्या आत सत्तारभाई झोपले ते बडनेऱ्याला भाभीनं उठवले.

दवाखान्यात गादी आत न्यायला मनाई झाली. तेव्हा भाभी बाहेर बाकड्यावर गादी सांभाळत बसली आणि आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टर तरुण होता, शांत होता.

"दिवसा झोप येते?"

"येते म्हंजे? मी म्हणीन तवा येते."

"बसल्या बसल्या?"

"उभ्यानं पण. गॅरंटी."

"घोरता?"

"गल्लीले विचारा!"

प्रत्येक उत्तराला डॉक्टर कागदावर खूण करायचा, आणि सत्तारभाईंना वाटायचं मार्क मिळून राहिले. ते माझ्याकडे वळून वळून हसत होते. मला मात्र कागद उलटा दिसत असूनही कळत होतं की हा पेपर जितका चांगला जाईल तितकं वाईट.

"झोपेत श्वास थांबतो का?"

"आता मले काय माहीत? मी तं झोपलेला रायतो."

रात्रीच्या तपासणीसाठी त्यांना ठेवून घेतलं. खाटेवर फोमची गादी निघाली. झालं! अर्धा तास वाद. शेवटी डॉक्टर म्हणाला, "टाका हो काका, तुमची टाका," आणि मी बहिणीकडे गेले.

सकाळी परत आले तेव्हा भाभी पुन्हा बाहेर बाकड्यावर गुंडाळलेली गादी सांभाळत बसली होती. आत सत्तारभाईंच्या केसांत डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, आणि ते खुशीत होते. "मस्त झोपलो, ताई. पेपर फुल सोडवला!"

डॉक्टरनं आम्हाला आत बोलावलं. यंत्रातून निघालेला लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि समजावून सांगितलं. झोपेत यांचा घसा आतून मिटतो, श्वास अडतो. श्वास अडला की मेंदू घाबरून यांना जागं करतो, की पुन्हा श्वास सुरू. यांना ते कळतही नाही. रात्रभर हेच चालतं. असंच चालू राहिलं तर हृदयावर ताण येईल, जीवाला धोका आहे.

"म्हंजे मी रात्री झोपलो का नाई?"

"झोपलात. पण झोप झाली नाही."

"नाई झाली तं मंग घोरत कोण होतं?"

"तुम्हीच, काका."

सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समजल्यासारखी मान हलवली, पण खरं सांगते, माझाही गोंधळच उडाला होता. झोपतो म्हणून झोप होत नाही, आणि झोप होत नाही म्हणून झोपतो. कुठून धरावं?

सत्तारभाईंनी टेबलावरच्या कागदावरून बोट फिरवलं. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, मी गिऱ्हाइकाच्या गादीवर पडलो का मले लगेच झोप लागते. ते... गादीमुळं नाई?"

"तुम्ही फरशीवर पडलात तरी तशीच लागेल."

आपण काय बोलून गेलो ते त्या डॉक्टरला कळलंच नाही. सत्तारभाई माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "किती पोरींच्या लग्नाच्या गाद्या पास केल्या, ताई. सारं झूट? म्हंजे बिमारी झोपे, आणि मी गादीले मार्क देऊन राहिलो?"

मी म्हटलं, "अहो, गाद्या चांगल्याच होत्या." त्यांनी ऐकलं नाही. उलट एकदम भांडायच्या पवित्र्यात आले. "नाई! तुमची मशीन चुकली असन. माहं लग्न होऊन तीस साल झाले. श्वास थांबला असता तं घरात कोणाले तरी समजलं असतं का नाई? बोलवा माह्या बायकोले. बोलवा!"

भाभी आली. गादी सोडून यावं लागलं म्हणून तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. डॉक्टरनं तिला विचारलं, "यांचा झोपेत श्वास थांबतो का?"

"थांबते ना," ती म्हणाली. "रोज थांबते."

डॉक्टरनं कागद पुढे ओढला.

"किती वेळ?"

"मी कलमा पढत रायते. एक पुरा होते, दुसरा अर्धा होते, मंग येते. दुसरा पण पुरा झाला तं मी यायले हलवते."

डॉक्टर लिहायचा थांबला. "किती वर्षांपासून?"

"सईदाचं लग्न झालं, त्या सालापासून." सईदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

सत्तारभाई मराठी विसरले. "आठ साल? तो तू सोती कब है?"

"सोती ना. दोपहर को, कभी कभी."

"दोपहर को तो तू दुकान में रहती!"

भाभी ओढणीला चिकटलेला कापूस काढत बसली.

"बताया क्यूं नहीं?"

"क्या बताती?" ती म्हणाली. "तुमकू अपनी नींद पे कित्ता नाज़ था."

परतीच्या बसमध्ये सत्तारभाई अकोल्यापर्यंत टक्क जागे होते. भाभी खिडकीशी बसली होती, तीही जागी. मी मध्ये पेपर धरला होता, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ.

महिन्याभरात सईदाच्या नवऱ्यानं मशीन आणून दिलं. डब्यातून हवा येते, नळीतून जाते आणि नाकावरच्या मास्कमधून आत शिरून घसा उघडा ठेवते. सत्तारभाई मला ते दाखवताना ओशाळले. "हवेवर कोणी झोपते का म्हणत होतो ना, ताई? आता हवेवरच झोपतो." घोरणं बंद झालं. सकाळी डोकं दुखेना. यंत्रावर काम करताना डोळे लख्ख उघडे. इलाज लागू पडला, आणि धंद्याचा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

कारण आता गिऱ्हाइकाच्या गादीवर त्यांना झोप येईना! तेल्हाऱ्याचे एक काका मुलीच्या लग्नाची गादी न्यायला आले होते, मी तेव्हा दुकानातच होते. सत्तारभाई आडवे झाले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. ते वर छताकडे बघताहेत आणि काका त्यांच्याकडे. मी वाकून कानात म्हटलं, "अहो, नुसते डोळे मिटा की! त्या माणसाची बस चुकेल."

"नाई ताई," ते मोठ्यानं म्हणाले आणि उठून बसले. "इतके साल न समजता झूट झोपलो. आता समजून नाई झोपणार." मग काकांना म्हणाले, "भाऊ, गादी चांगली आहे. माही झोपच नाई राहिली, मी बरा झालो."

काकांना यातलं काय समजलं देव जाणे. बराच वेळ ते गादीवर हात फिरवत राहिले. "कापूस माह्या घरचा हाय, भाई," शेवटी म्हणाले. "त्यात खोट असन तं ते माही. बांधा." त्यांनी गादी नेली. सगळ्यांनीच नेली असं नाही. सत्तारभाई झोपत नाहीत म्हणजे गाद्याच बिघडल्या, असंही गल्लीत म्हणू लागले, आणि काहीजण फोमच्या दुकानात गेले. मला वाटलं सत्तारभाई हाय खातील. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्यांना दुसराच घोर लागला होता. भाभी अजून झोपत नव्हती. मला म्हणाली, "पयले आवाज थांबला का समजे. आता आवाजच नाई, शोभाताई. मंग मी हात ठेवून बसून रायते." मी तिला मशीनची गोष्ट दोनदा समजावून सांगितली. ती "हो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे डोळे तसेच लाल.

उन्हाळ्यात एका दुपारी उशी पिंजायला टाकायची म्हणून मी दुकानात गेले. अडीच वाजले असतील. शटर अर्धं खाली. ऐन लगनसराईत दुपारी दुकान बंद! मला रागच आला, वाकून आत शिरले आणि हाक मारणार तोच सत्तारभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

यंत्र बंद होतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ते मांडी घालून बसले होते. आत भाभी झोपली होती, कुशीवर, तोंड किंचित उघडं. सत्तारभाई तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मी घाबरले. खाली बसून कुजबुजले, "काय झालं? हिचाही श्वास थांबतो का?"

"नाई, ताई," ते म्हणाले. "हिचा बरोबर चालू आहे. रोज पाहतो, एकदाबी थांबला नाई."

"मग मोजताय कशाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"झोपाच्या आधी रोज विचारते, तुमी जागे रायसान ना? मी हो म्हणतो," ते म्हणाले. "मंग झोपते."