घाटात अडलेली जव्हार पॅसेंजर

जव्हारला रेल्वे नाही. म्हणून प्रसादने ती कॉम्प्युटरवर आणली. घरातला गळका नळ या पठ्ठ्याकडून दुरुस्त होत नाही, पण आगगाड्यांच्या खेळात त्याने डहाणूपासून जव्हारवरून थेट मोखाड्यापर्यंत रूळ टाकले. आम्ही जव्हारकर असेच. करायचं ते खोटं का होईना, पण मोठं.

त्याची आई पुष्पावती एकदा म्हणाली, "डोळे मिटायच्या आत जव्हारला गाडीतून उतरायचंय रे." प्रसाद खेळाच्या भरात बोलून गेला, "रविवारी उतर." आईने ते गल्लीभर सांगितलं. झालं. रविवारी दारात चपला काढायला जागा उरली नाही, आणि जो तो गाडीत आपली जागा मागू लागला. प्रसादने सगळ्यांच्या नावाची माणसं डब्यात बसवली. आईला हिरव्या साडीत, खिडकीशी.

इथवर ठीक होतं. पण आदल्या दिवशी त्याचा मित्र पराग गाडी बघून हसला होता. "ही गाडी आहे का शेळी? घाट टणाटण चढते. वजनच नाही तिला." कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्यांनाही खरं वजन, खरा चढ आणि खरा ब्रेक देण्याची सोय खेळात नुकतीच आली होती. प्रसादला मिरच्या झोंबल्या. त्याने सोय चालू केली. एकदा चालवून बघायचं मात्र राहिलं.

गाडी थाटात निघाली. घाट लागल्यावर ती कण्हू लागली, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी उभी राहिली.

"चहाला थांबली काय?" किराणावाले कांतीलालशेठ म्हणाले.

"चढत नाहीये. वजन जास्त होतंय."

"मग ड्रायव्हरला सांग की काहीतरी."

"ड्रायव्हर कॉम्प्युटर आहे, शेठ. तो कुणाचं ऐकत नाही."

"मग माणसं उतरव. घाटात एसटी दमली की आपण काय करतो? उतरतो नि चालायला लागतो."

तोडगा सगळ्यांना पटला. आता उतरायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

"तुम्हीच उतरा, शेठ. वजन तुमचंच," शेजारच्या जयवंतीकाकू म्हणाल्या.

"माझे गुडघे बघितलेत का? तुम्ही उतरा."

"मी बाईमाणूस. रानात एकटी उतरू?"

खुर्चीत बसून चहा पिणारी माणसं, पण घाटात उतरायला एकही तयार होईना. काकू तर रुसून स्वयंपाकघरात गेल्या. शेवटी प्रसादने कुणाला न विचारता सगळ्यांना खाली उतरवलं. आई तेवढी गाडीत राहिली. गाडी हलली आणि रखडत घाट चढली.

जव्हारचा फलाट दिसला. पुष्पावतीने पदर सावरला. गाडी मात्र धाडधाड करत फलाट ओलांडून निघून गेली.

"अरे, माझं स्टेशन गेलं."

"खऱ्या गाडीला थांबायला अंतर लागतं, आई. ब्रेकची खूण मी जुन्याच हिशोबाने ठेवली होती, अगदी फलाटाच्या तोंडाशी."

"म्हणजे तू चुकलास."

"चुकलो."

"मग आता मागे येईल?"

"नाही. थांबा हुकला की ती पुढच्या थांब्याला जाते. मोखाड्याला."

घाटात उतरवलेली मंडळी आधीच चिडलेली होती, ती टोमणे मारत उठली. प्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मागून काय मागितलं, तर एक खोटी गाडी. तीही त्याला थांबवता आली नाही.

आई मात्र पडद्यासमोरून उठली नाही. मोखाड्याच्या अलीकडे चढ होता. गाडी हळूहळू मंदावली आणि अलगद फलाटाला लागली. पुष्पावतीने डोळे पुसले.

"चुकलं माझं," प्रसाद म्हणाला. "उद्या जव्हारला थांबवतो."

"जव्हारला काय, मी रोजच असते. हे मोखाडा माझं माहेर आहे. भावाने अंथरूण धरलं तेव्हापासून सांगतेय, मोटरसायकलवर नेऊन आण. तुला रूळ टाकण्यातून सवड कुठे?"

प्रसाद उठला. खुंटीवरची किल्ली काढून तो म्हणाला, "चल आई, आत्ताच जाऊ."

आईची नजर पडद्यावरच्या हिरव्या साडीवर होती.

"मी पोचलेय रे केव्हाची," ती म्हणाली. "तुझीच वाट बघतेय."