कमला मामींचं व्हिसाखातं

कमला मामींच्या घरी कॉफी फुकट मिळत नसे. तिच्यासाठी दोन मिनिटं इंग्रजीत बोलावं लागे.

वाफाळती फिल्टर कॉफी समोर यायची, पण टंबलरवर मामींचा हात झाकणासारखा. दुसऱ्या हातानं त्या मसाल्याचा डबा पुढे सरकवायच्या. डब्याच्या वाट्यांत मोहरी-जिऱ्याऐवजी घडी घातलेल्या चिठ्ठ्या. एक उचलायची, आणि तिच्यावरच्या विषयावर न थांबता बोलायचं: ‘तुम्हाला न आवडलेला प्रवास’, ‘शेजाऱ्याशी झालेला वाद’, ‘तुम्ही ओलांडलेला पूल’. प्रत्येक चिठ्ठीला हिंगाचा वास. अडखळलात की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मी पहिला महिनाभर गार कॉफी प्यायलो. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या अण्णांचीही सुटका नव्हती. ते बिचारे कपाळ पुसत “वेरी हेवी मॅडम, वेरी वेरी हेवी” एवढ्यावरच दोन मिनिटं काढत. मामी त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायच्या. म्हणायच्या, “थांबला नाहीं तो! तूं थांबतोस.”

चेन्नईत नुंगंबाक्कममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो: मी, माझी बायको वैशाली आणि चार वर्षांची आर्वी. मी मूळचा सांगलीकडचा, शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये. साचे बनवणं हे माझं काम. लोखंडाशी माझं चांगलं जमतं, माणसांशी बेताचं, आणि इंग्रजीशी तेव्हा अजिबात नव्हतं.

मामी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरचं. दहाबारा पिढ्यांपूर्वी कोणीतरी घोड्यावरून इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं, असं त्या सांगायच्या. त्यांचं मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखं, आणि त्याला तमिळचा हेल. प्रश्न विचारायचा तर शेवटचा स्वर ताणायचा: “आलासाऽ? जेवलासाऽ?” ‘सगळं’ला त्या ‘अस्की’ म्हणत. माझं मराठी त्यांना कच्चं वाटे. “तुझी भाषा नवी आहे रे, अजून मुरली नाहीं,” असं त्या लोणच्याविषयी बोलावं तसं बोलत.

पण त्यांचं खरं पांडित्य व्हिसाचं. टोमॅटोचा भाव त्यांना कधी सांगता आला नाही. मात्र कुठल्या देशाला किती वयाचा वेल्डर चालतो, नर्सला किती गुण लागतात, बोलण्यात पास आणि लिहिण्यात नापास झालं तर काय, हे झोपेतून उठवून विचारा. देशांबद्दल त्या मुलीच्या सासरबद्दल बोलावं तशा बोलायच्या. “कॅनडा माणसें बघतो, पण फार ताटकळत ठेवतो. जर्मनी कडक, त्यांना त्यांचीच भाषा हवी. न्यूझीलंड लहान घर, परंतु नीट विचारपूस करतें.”

कामाचा व्हिसा आणि रेसिडेन्स व्हिसा यांतला फरक कोणत्याही एजंटाला मला समजावून सांगता आला नव्हता. मामींनी एका वाक्यात उरकला. “कामाचा व्हिसा साखरपुडा. रेसिडेन्स म्हणजे लग्न. साखरपुड्यावर संसार मांडूं नये.”

मलाही परदेशात नोकरी हवी होती, आणि माझा योग न्यूझीलंडशी जुळत होता. तिथल्या एका कारखान्यानं फोनवर मुलाखत घेतली, साच्यांचे फोटो बघितले, पसंती कळवली. उरला इंग्रजीचा दाखला. ऐकणं, वाचणं, लिहिणं कसंबसं पार पडलं आणि बोलण्यात अर्ध्या गुणानं गेलो.

मामींनी चौकशी मांडली. “परीक्षकानें काय विचारलें?”

“तुम्ही काम करता की शिकता?”

“तूं काय सांगितलेंस?”

“काम.”

“पुढें?”

“पुढे काही नाही. त्यानं तेवढंच विचारलं होतं.”

मामींनी कपाळावर हात मारला. “अय्यो! साक्षीला गेला होतासाऽ? वकिलानें विचारलें तितकेंच सांगायला? शेजाऱ्यासारखा बोल रे! शेजाऱ्याला भाजी कुठली विचारली तर तो सासूच्या दुखण्यापर्यंत जातो कीं नाहीं?”

त्यानंतरचे दोन महिने मी शेजारी होण्याचा सराव केला. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या पळनीला मी सकाळी-सकाळी माझ्या शाळेतल्या सहलीची हकिगत इंग्रजीत सांगायचो. त्यानं शेवटी जागा बदलली. पण दुसऱ्या खेपेला परीक्षकानं ‘तुमचं काम आवडतं का?’ विचारलं तेव्हा मी असा काही सुटलो की त्यानंच हात वर करून थांबवलं. निकाल लागला. पास! मामींनी गल्लीत पेढ्याऐवजी म्हैसूरपाक वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं, “त्याला थांबवावें लागलें!”

आता अर्ज कुठला करायचा, एवढंच राहिलं. मी हिशेब केला. रेसिडेन्सच्या अर्जात बायको-मुलगी बरोबर येतात, पण वेळ लागतो, आणि बायकोलाही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिला थोडे कमी गुण चालतात, पण परीक्षा ती परीक्षाच. वैशाली भाजीवालीशी तमिळमध्ये कडाकडा भांडायची, पण इंग्रजी म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यापेक्षा मी कामाच्या व्हिसावर पुढे जावं, त्या दोघींनी सांगलीला राहावं, नंतर बघू.

मामींना ही बातमी मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, “सरि”, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बाहेर आल्याच नाहीत. मी चपला घालून वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप. मामी! गुडघे दुखतात म्हणून कधी जिना न चढणाऱ्या मामी, काखेत मसाल्याचा डबा घेऊन.

“वैशाली कुठें आहे?”

वैशालीनं आवाज ऐकला आणि न्हाणीघरात शिरून नळ सोडला. मामी खुर्ची ओढून बसल्या. आर्वीला सगळी बाराखडी म्हणायला लावली. अर्ध्या तासानं आतून नळ बंद झाला.

“ये बाहेर,” मामी म्हणाल्या. “चेन्नईचें पाणी संपेल, मी संपणार नाहीं.”

शिकवण्याची रीत मात्र त्यांनी बदलली. वैशालीला घड्याळ नाही, विषय नाही. मामी भाजीवाली व्हायच्या आणि वांगी किडकी द्यायच्या. पहिले आठ दिवस वैशाली नुसती मान हलवून किडकी वांगी घेत राहिली. नवव्या दिवशी मी कामावरून आलो तर जिन्यातच तिचा आवाज: “नो! यू आर चीटिंग मी! लुक हिअर, होल! अँड हिअर, होल!” आत मामी टाळ्या वाजवत होत्या आणि आर्वी त्यांच्या मांडीवर बसून “होल! होल!” ओरडत होती.

कामाच्या व्हिसाचा विषय मग घरात कोणी काढलाच नाही. मी काढला असता तर इंग्रजीत उत्तर मिळालं असतं.

वैशाली पहिल्याच खेपेला पास झाली. बोलण्यात माझ्यापेक्षा जास्त गुण! आम्ही तिघांचा अर्ज केला, कित्येक महिने वाट बघितली, आणि एका रविवारी सकाळी व्हिसाची पत्रं फोनवर आली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली आणि तशीच मामींसमोर ठेवली.

मामींनी चष्मा लावला. शिक्षिका त्या, आधी स्पेलिंगं तपासली. माझं नाव, वैशालीचं, आर्वीचं. तिन्ही बरोबर निघाली. मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाल्या, “आमचे राव आखातांत होते. गोदींत क्रेन चालवीत. बावीस वर्षें.”

राव म्हणजे त्यांचे यजमान. भिंतीवरच्या फोटोपलीकडे मला त्यांची काहीच माहिती नव्हती.

“त्यांच्या पगाराला कुटुंब नेतां येत नसे. मी दरवर्षीं एजंटाकडे जाऊन विचारीं, यंदा नियम बदललाऽ? शिक्षिकेला कुठें जागा आहेऽ? दुसऱ्या कुठल्या देशांत दोघांना घेतीलऽ? असे विचारतां विचारतां अस्की देशांचे नियम पाठ झाले.” त्या हसल्या. “लोकांच्या कामीं आले, बरें झालें.”

“मग परत आले ना ते?” वैशालीनं विचारलं.

“आले कीं. पण बावीस वर्षांत मिळून दोन वर्षेंही एकत्र राहिलों नव्हतों आम्हीं. तहान लागली तर मला विचारीत, ‘पाणी घेऊं का?’ स्वतःच्या घरांत! मला त्यांची आवडती भाजी ठाऊक नव्हती, मी शेजारणीला विचारल्यासारखें त्यांनाच विचारीं. रोज थोडें थोडें कळे. कारलें आवडे त्यांना. पहाटे गुणगुणत. मला अगदी गंमत वाटे.” त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. “दीड वर्ष झालें, आणि गेले. चांगली ओळख होत आली होती.”

आर्वी मामींच्या पदराशी खेळत होती. मामींनी तिला जवळ ओढलं, तिच्या नावाचा कागद उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि तिचं बोट धरून नावाच्या अक्षरांवरून हळूहळू फिरवलं.

“हें बघ,” त्या म्हणाल्या. “तूंसुद्धां.”