पास्त्याचं पाणी

सिंकमध्ये चाळणी ठेवून मिम्मा उकळत्या पास्त्याचं पातेलं कलंडवणार, एवढ्यात मागून तिचा नवरा लिल्लो ओरडला, "थांब! ओतू नकोस!"

मिम्मा दचकली. थोडं पाणी तिच्या चपलेवर सांडलं आणि त्यानंतर ती जे बोलली ते वरच्या आणि खालच्या दोन्ही बिऱ्हाडांना नीट ऐकू गेलं.

"अगं, पाणी वाया घालवायचं नाही असं ठरलंय ना आपलं?" लिल्लो म्हणाला.

"आपलं नाही, तुझं ठरलंय. बादलीत उभं राहून अंघोळ करून झाली, ते पाणी संडासात ओतून झालं. आता माझ्या स्वयंपाकात येऊ नकोस."

लिल्लो शाक्का ह्या बंदराच्या गावात गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायची सवय असल्यामुळे घरी आला तरी त्याचा पाय शांत बसत नसे. त्या वर्षी हिवाळा कोरडाच गेला होता. गच्चीवरच्या टाक्यांत पालिकेचं पाणी आठवड्याला एकदा आलं तर आलं. लिल्लोने पाणी वाचवायचा ध्यास घेतला आणि सगळ्या इमारतीचा ब्रेक दाबायला सुरुवात केली. जिन्यात कुणी भेटलं की तो विचारायचा, "दात घासताना नळ बंद ठेवता ना?" लोक त्याला बघून लिफ्टमध्ये शिरू लागले. तर तो लिफ्टच्या विजेवर बोलू लागला.

रहिवाशांच्या बैठकीत त्याने नियमच करून घेतला : टाकीतलं पाणी इमारतीच्या चौकात एक थेंबही ओतायचं नाही.

"लिंबालाही नाही?" बार्तोलोने विचारलं. बार्तोलो निवृत्त पोस्टमास्तर आणि इमारतीचा कारभारी.

"लिंबालाही नाही."

सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या निन्फामावशींकडे बघितलं. चौकातलं ते लिंबाचं झाड त्यांच्या नवऱ्याने, गास्पारेने लावलेलं. गास्पारे जाऊन बरीच वर्षं झाली. पण दर उन्हाळ्यात संत कालोजेरोच्या उत्सवाला निन्फामावशी त्याच लिंबांच्या रसाचा, बर्फाच्या चुऱ्यासारखा थंडगार ग्रानिता करून घरोघरी वाटायच्या, आणि तो खाताना प्रत्येक जण म्हणायचा, "काय माणूस होता गास्पारे! काय प्रेम होतं दोघांचं!"

"लिल्लो बरोबर बोलतोय," निन्फामावशी हळूच म्हणाल्या. "माणसांना पाणी नाही, झाडाचं काय घेऊन बसलात?"

बार्तोलोच्या डोळ्यांत पाणी आलं. नियम मंजूर झाला.

पण मग झाडाची पानं मलूल व्हायला लागली आणि येता-जाता लिल्लोला ते बघवेना. नियम आपला, झाड मावशींचं. अशात त्याने कुठेतरी वाचलं की पास्ता उकळलेलं पाणी झाडांना फार पौष्टिक. त्याच्या खालची ओळही वाचली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण लिल्लोला तेवढंच वाचून इतका आनंद झाला की तो तडक स्वयंपाकघरात धावला. चपलेवर पाणी सांडलं ते तेव्हा.

"संडासात ओतायला हवंय," त्याने मिम्माला सांगितलं. झाडाचं बोलला नाही. आपल्याला झाडापाशी पातेलं घेऊन उभं असलेलं कुणी बघितलं तर टाकीचंच पाणी घालतोय असं वाटणार, आणि नियम करणाराच नियम मोडतोय अशी बोंब होणार. झाड पुन्हा हिरवंगार झालं की उत्सवाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

दुपारी जेवणं होऊन सगळ्या खिडक्यांच्या झडपा मिटल्या आणि इमारत घोरू लागली की लिल्लो गार झालेलं पातेलं घेऊन अनवाणी खाली उतरायचा. पाणी आळ्यात ओतायचा, खोडावरून हात फिरवायचा आणि कुजबुजायचा, "पी बाळा, पी."

झाड प्यायलं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. लिल्लोला वाटलं, पोषण कमी पडतंय.

"रात्रीही पास्ताच कर," तो मिम्माला म्हणाला.

"दुपारी पास्ता, रात्री पास्ता! पोट बघितलंस का? स्टिअरिंगला टेकायला लागलंय."

"मला आवडतो तुझ्या हातचा."

इतक्या वर्षांत नवऱ्याने केलेलं हे पहिलं कौतुक. मिम्मा लाजली आणि दुप्पट पास्ता शिजवू लागली. पाणीही दुप्पट झालं. झाडाची पानं गळायला लागली. लिल्लोने आणखी जोर लावला. शेवटी झाडावर फांद्या आणि सुकलेली चार लिंबं तेवढी उरली. तेव्हा बार्तोलोने शेतीखात्यात असलेल्या आपल्या भाच्याला बोलावलं. त्याने माती उकरली, बाटलीतल्या पाण्यात कालवली, त्यात कसलीशी सळई बुडवली आणि म्हणाला, "मामा, माती खारट झालीय. ह्या झाडाला कुणीतरी मीठ घातलंय."

मग एकेक करून सगळ्यांच्या माना तळमजल्यावरच्या एका दाराकडे वळल्या.

त्या दाराआड सारोचं कोठार होतं. सारो मासळी खारवून विकायचा आणि मिठाची पोती तिथे छतापर्यंत रचलेली असायची. शिवाय त्याच वर्षी त्याने तक्रार केली होती की लिंबाची एक फांदी आपल्या तीनचाकीला आडवी येते, ती कापू द्या. बार्तोलोने साफ नाही म्हटलं होतं.

"एका फांदीसाठी?" कुणीतरी कुजबुजलं. "मेलेल्या माणसाच्या झाडावर सूड?"

लिल्लो मात्र निर्धास्त होता. मीठ! आपण तर पाणी घातलं, तेही पौष्टिक. सारोवर मनातल्या मनात संतापत तो जिना चढून घरी आला. मिम्मा गॅससमोर उभी होती. पाणी उकळलं होतं. तिने बरणीत हात घातला आणि मूठभर काहीतरी पातेल्यात टाकलं.

"हे काय घातलंस?"

"मीठ."

"पाण्यात?"

"मग कशात, तुझ्या डोक्यात?"

"रोज घालतेस?"

"माझी आई घालायची, तिची आई घालायची. पास्त्याच्या पाण्यात मीठ घालतात हे तुला माहीत नाही? लिल्लो? असा काय खाली बसलास? बरं वाटत नाहीये का?"

लिल्लोने सगळं सांगितलं. मिम्मा ऐकत राहिली. पास्ता जास्त शिजून त्याचा गोळा झाला तरी तिचं लक्ष गेलं नाही. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला माझ्या हातचा पास्ता आवडत नव्हता."

"आत्ता हा प्रश्न आहे का?"

"खाली जा आणि सांग सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता."

तो गेला. पण जिन्याच्या पायथ्याशीच बार्तोलोने त्याला गाठलं. "बरा भेटलास. रविवारी बैठक बोलावलीय. पाण्याचा नियम तूच आणलास, तत्त्वाचा माणूस तू. सारोला जाब तूच विचार."

"मी? अरे, पण मी काय म्हणतो..."

"नाही म्हणू नकोस. तुझ्याइतकं स्वच्छ तोंड ह्या इमारतीत कुणाचं नाही."

स्वच्छ तोंड मिटून लिल्लो परत वर आला. मिम्माने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

रविवारपर्यंत सारोकडून इमारतीतल्या कुणी मासळी घेतली नाही. बायका त्याच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावू लागल्या, जसा काही वास त्यांना आजच आला. सारो स्वभावाने आडदांड, पण तो घाबरला. त्याने लिल्लोला फाटकापाशी अडवलं.

"तू तरी मानतोस ना, मी नाही केलं म्हणून?"

"मानतो," लिल्लो म्हणाला. इतकं खरं तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

सारोने त्याचे दोन्ही खांदे धरले. "बस. एक माणूस मानतो, मला पुरे." आणि त्याने कोठारातून खारवलेल्या मासळीचा डबा आणून लिल्लोच्या हातात कोंबला. नको म्हणताना लिल्लोला घाम फुटला. घेतला नाही तर ह्याला वाटेल, हाही उलटला. घेतला तर आपल्यासारखा नालायक आपणच. त्याने घेतला. आणि घरी मिम्मा जेवायला वाढत नसल्यामुळे खाल्लाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे चौकात जमले. निन्फामावशींना सावलीत खुर्ची दिली होती. बार्तोलोने घसा खाकरला आणि लिल्लोकडे बघितलं. लिल्लो बुटांकडे बघत होता. मग बार्तोलोच म्हणाला, "सारो, आपल्या इमारतीत पोत्यांनी मीठ कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. मग?"

"मग काही नाही. लोकांनी समजायचं ते समजावं."

सारोचा चेहरा लाल झाला आणि मग अचानक उतरला. "कोठार विकतो," तो म्हणाला. "जातो इथून. माझा बापही इथेच मासळी खारवायचा. पण जातो."

"सारोने केलेलं नाही," निन्फामावशी खुर्चीतून म्हणाल्या.

"मावशी, तुमचं मन मोठं आहे म्हणून तुम्ही..."

"मी केलं," लिल्लो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा फारच मोठ्याने निघालं.

"काय केलंस?"

"पाणी घातलं. रोज दुपारी. पास्त्याचं."

मागून एका बाईने विचारलं, "मिम्मा, मीठ किती घालतेस गं तू?"

"मूठभर!" मिम्मा कडाडली. "आणि माझ्या पास्त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. नवरा गाढव निघाला त्याला मी काय करू?"

हशा फुटला. बार्तोलोला खोकल्याची उबळ आली. पोटभर हसून घेतल्यावर लोकांना निन्फामावशी आठवल्या. तसे सगळे एकदम गंभीर झाले आणि लिल्लोकडे रागाने बघू लागले. त्याला वाटलं, जमिनीने आत्ताच पोटात घ्यावं. पण जमीन खारट होती आणि ती त्यानेच केली होती.

सारो तेवढा हसला नव्हता. तो लिल्लोसमोर येऊन उभा राहिला. "परवा मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मासळी खाल्लीस?"

"खाल्ली."

"कशी होती?"

"चांगली होती, सारो."

"हं," म्हणून सारो कोठारात गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. त्याने थोबाडीत मारली असती तर लिल्लोला बरं वाटलं असतं.

निन्फामावशी काठी टेकत वर निघून गेल्या. "जा," बार्तोलो म्हणाला. "पाय धर त्यांचे."

लिल्लो गेला. मावशींनी दार उघडलं, जिन्यातून माना वर करून बघणाऱ्या लोकांना ऐकू जाईल असा एक लांब सुस्कारा सोडला, त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

"मावशी, मला क्षमा..."

"कॉफी घेणार?"

"मी तुमच्या गास्पारेची आठवण मारली."

"बस आधी. साखर किती? मीठ नाही विचारत." कॉफीचं भांडं गॅसवर ठेवत त्या म्हणाल्या, "ते रोप आगातीनाने दिलं होतं."

"कोण आगातीना?"

"बंदरावरची शिंपीण. गास्पारे सारखा तिच्याकडे विजारी शिवून घ्यायला जायचा. एवढ्या विजारी कुणाच्या उसवतात, लिल्लो? मग एक दिवस हातात रोप घेऊन आला आणि बरोबर माझ्या खिडकीसमोर लावलं. गाणी म्हणत पाणी घालायचा त्याला."

लिल्लोने खिडकीतून खाली झाडाकडे बघितलं.

"तो गेला तेव्हा वाटलं, आता हेही जाईल. कसलं जातंय? दरवर्षी दुप्पट लिंबं. आणि तुम्ही सगळे माझ्या हातचा ग्रानिता खाऊन डोळे पुसायचे. तुम्हाला काय सांगू, ह्यात आगातीना पिळलीय म्हणून?"

"म्हणजे तुम्हाला..."

"दुपारी मला झोप लागत नसे. रोज बघत होते तुला, पास्त्याचं खारट पाणी ओतताना. पहिल्या दिवशी वाटलं, हाक मारावी. मग म्हटलं, माणूस इतक्या प्रेमाने करतोय, कशाला मोडता घाला?" त्यांनी कप पुढे केला. "सारोचं मात्र वाईट झालं. आज मी सांगणारच होते, पण मला कसं कळलं असं कुणी विचारलं असतं तर काय बोलले असते? तू उठलास, सुटले बाई. मलाही लाज वाटते रे. पण आता दुपारची झोप छान लागते."

लिल्लोने कॉफी संपवली. झाड मारल्याची लाज तशीच होती, सारोची त्याहून जड होती, आणि आता तिसरीच एक तिच्यावर येऊन बसली, कारण त्याला हसू येत होतं. गाल आतून चावत, मान खाली घालून तो जिना उतरला.

चौकात सगळे थांबले होते. सारोसुद्धा बाहेर आला होता.

"काय म्हणाल्या?" बार्तोलोने विचारलं.

"माफ केलं."

"देवमाणूस! ऐक, आम्ही इथे ठरवलंय. मावशींचं दुःख बघवत नाही. सारोनेच सुचवलं. पाऊस पडला की इथे पुन्हा लिंबच लावायचं. आणि एक नाही, दोन. पाणी घालायचं काम तुझ्याकडे, जन्मभर. मिम्मा पातेलं तपासून देईल." आणि लिल्लोने तोंड उघडायच्या आत बार्तोलोने वर बघून हाक मारली, "मावशी! अहो मावशी! दोन लावतोय! तुमच्या खिडकीसमोरच!"

खिडकीत निन्फामावशी उभ्या होत्या. त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"बिचारी," बार्तोलो म्हणाला. "आनंदाने रडतेय."

रुमाल हळूहळू खाली आला आणि त्याच्या वरून निन्फामावशींनी कोरड्या डोळ्यांनी थेट लिल्लोकडे बघितलं.