डॉक्टर गोड बोलायला लागले की

डॉक्टर रामटेके लग्नाला हमखास येत, पण पंगतीत बसत नसत. ते पंगतीत फिरत. हात मागे बांधून, वाकून वाकून एकेक पत्रावळ बघत. एखाद्या सुटलेल्या पोटापाशी थांबून त्याच्या पानातली बुंदी उचलत आणि शेजारच्या हडकुळ्या माणसाच्या पानात टाकत. "याले नाई पाह्यजे, तुले पाह्यजे. खा." ज्याची बुंदी गेली तो तोंडाकडे बघत राही. ज्याला मिळाली तो डॉक्टर पुढे सरकेपर्यंत घास गिळत नसे, न जाणो, परत घेतील.

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरा-नवरी पाया पडायला आले. डॉक्टरांनी आशीर्वाद द्यायचा सोडून नवरीची खालची पापणी ओढून पाहिली आणि भर मांडवात जाहीर केलं, "हिच्या अंगात रक्त नाई!" वरपक्षात कुजबुज सुरू झाली. नवऱ्याची आई तावातावानं पुढे आली. डॉक्टरांनी तिचीही पापणी ओढली. "इथी तं थेंबही नाई! पांढरं फटक! सारं घर मोठं शोभून दिसन!" मग पापण्या बघून घ्यायला रांगच लागली आणि वरात दुपारपर्यंत खोळंबली.

मी तेव्हा भामरागडच्या रस्त्यावरच्या एका गावात शाळामास्तर होतो आणि रामटेके सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. आमची क्वार्टरं एकमेकांना चिकटून होती. मधली भिंत एका विटेची. अलीकडे मी खोकलो की पलीकडून आवाज येई, "मास्तर! कफ कोन्या रंगाचा हाय?" मला नुकताच साखरेचा आजार निघाला होता. सकाळी बायको चहात चमचा ढवळायला लागली की भिंत बोलायची, "वयनी, कोनाच्या कपात ढवळून राह्यल्या?" बायकोनं शेवटी माझ्या चहाला चमचा लावणंच सोडलं. साखर घालायची असली तर ती बोटानं ढवळायची.

मी एकदा वैतागून म्हटलं, "डॉक्टर, किती बोलता हो!"

ते शांतपणे म्हणाले, "मी बोलून नाई राह्यलो. सांगून राह्यलो. माह्यं काय जाते? जाल तुमी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या पानठेलेवाल्यापासून दौऱ्यावर आलेल्या साहेबापर्यंत सगळ्यांना ते हेच ऐकवत. साहेबांच्या खिशातली खर्र्याची पुडी त्यांनी हात मिळवता मिळवता काढून घेतली होती, आणि साहेब जीपमध्ये बसून बराच वेळ खिसे चाचपत होते.

सल्ला कुठे संपतो आणि कटकट कुठे सुरू होते, यावर आमच्या गावात खूप विचार झालेला आहे. माझं मत असं की, दवाखान्यात मिळतो तो सल्ला आणि आपल्या मागे मागे घरापर्यंत येते ती कटकट. पोस्टमास्तरांचं म्हणणं निराळं. ते म्हणत, मानला तर सल्ला, नाही मानला तर कटकट, यात डॉक्टरचा काय दोष? पोस्टमास्तरांची प्रकृती ठणठणीत होती, त्यांना असं बोलणं परवडत होतं.

डॉक्टरांचा खरा जीव अडकला होता तो भिंतींत. हिवतापाचे दिवस आले की खात्याची माणसं पाड्यापाड्यावर घरांच्या भिंतींवर डासांचं औषध फवारून जायची. त्याचे पांढरे डाग पडायचे, वास यायचा. बायकांना ते कसं खपावं? फवारणीवाले नदीपार झाले की त्या शेणामातीचा काला करून भिंती पुन्हा लख्ख सारवून काढायच्या. घर स्वच्छ, डास खुशाल. मग डॉक्टर सायकल हाणत निघायचे. न विचारता घरात शिरायचे, नखानं भिंत खरवडायचे आणि ती माती नाकाशी नेऊन हुंगायचे. औषधाचा वास आला नाही की घरधनिणीची खैर नसे.

एका माडिया पाड्यावर एक म्हातारी त्यांचा हा उद्योग बरेच दिवस बघत होती. एकदा तिनं त्यांना आदरानं खाटेवर बसवलं आणि आतून पळसाच्या पानावर मातीचं एक सुबक ढेकूळ आणून समोर ठेवलं. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघायला लागले. सोबतच्या कंपाउंडरला गोंडी येत होती. त्यानं विचारून घेतलं आणि हसू दाबत सांगितलं, "साहेब, बुढी म्हनते, पोटुशी बाई माती हुंगते, खाते, हे तं मले ठाऊक हाय. गड्याले असं होते हे पहिल्यांदाच पाह्यलं. पन घरोघरी भिंती कायले खरवडता? नदीची चांगली माती हाय, हे खा."

ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी गावात पोचली. आठवडाभर जो तो त्यांना कितवा महिना म्हणून विचारत होता. पण त्या म्हाताऱ्या बाईनं त्यानंतर फवारलेली भिंत सारवली नाही. डॉक्टरबाबूची तब्येत आधीच नाजूक, त्याला आणखी त्रास कशाला, असं तिचं म्हणणं.

अशा माणसाला गाव कंटाळलं असेल, असं तुम्हाला वाटेल. होतंच कंटाळलेलं. पण मग पाटलांचं प्रकरण घडलं.

आमचे पाटील मोहाच्या दारूचे मोठे भक्त. डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागले होते. रस्त्यात गाठून भांडायचे, बाटल्या फोडायचे. पाटील पुढे आजारी पडले, पोट फुगलं. एका सकाळी डॉक्टर त्यांच्या खाटेवर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "घ्या पाटील, वाटली तर घ्या थोडीशी. काई होत नाई." पाटलांना आनंद झाला. घरच्यांनाही बरं वाटलं. तो आठवडा संपायच्या आत पाटील गेले.

तेव्हा गावाच्या ध्यानात आलं. ज्याच्यात काही उरलं नाही त्याच्याशीच हा माणूस गोड बोलतो. झालं, गावाची रीतच बदलली. बायका दवाखान्यातून हसत बाहेर यायला लागल्या. "कसं झालं वो?" "लय बोलले बापा! माह्या सासूलेही बोलले!" ज्याला जास्त शिव्या, तो जास्त निर्धास्त.

माझी तर एकदा पाचावर धारण बसली. बाजारात मी जिलेबी खाताना डॉक्टर समोरून आले, जिलेबीकडे पाहिलं आणि मान हलवून निघून गेले. एक अक्षर नाही! माझ्या हातातली जिलेबी तिथंच राहिली. घरी येऊन मी बायकोला विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं. तिनं रडायला सुरुवात केली. शेवटी दोघं मिळून त्यांच्या दारात गेलो. डॉक्टर गालाला फडकं बांधून बसले होते. महत्प्रयासानं तोंड उघडून म्हणाले, "दात दुखून राह्यला." मग माझ्याकडे बोट करून, तसल्या वेदनेतही, "जिलेबीचं मंग पाहतो तुमचं." बायकोनं घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

पुढे एकदा रक्त तपासायला म्हणून ते मला चंद्रपूरला घेऊन गेले. एसटीत त्यांनी ड्रायव्हरला डोळे तपासायला सांगितलं, कंडक्टरच्या गळ्याच्या गाठी दाबून पाहिल्या. तपासणी झाल्यावर म्हणाले, "चला, घुग्घुसले जाऊन येऊ. बाबा राह्यते तिथी."

त्यांचे वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. खाणीतल्या पगारावर त्यांनी मुलाला डॉक्टर केलं होतं. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावरही काळी धूळ. मुलीचं घर मागच्या गल्लीत होतं, तीच जेवण आणून द्यायची. म्हातारे लिंबाखाली खाटेवर बसले होते. एकेक श्वास घेताना दोन्ही खांदे वर जात होते. तरी मला बघून त्यांनी हात जोडले. "जय भीम, मास्तर."

त्यांच्या बोटांत विझलेली बिडी होती. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. आता सगळी गल्ली गोळा होणार.

डॉक्टरांनी पिशवीतून बिडीचा नवा कट्टा काढला. एक बिडी वडिलांच्या ओठांत दिली, काडी ओढली, वाऱ्याला तळहात आडवा धरून ती पेटवली. "हळू ओढा, बाबा. मटन आनू काय आज? तिखट?"

मला पाटील आठवले. डॉक्टर चहा ठेवायला आत गेले, तसं म्हाताऱ्यांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर, हा तुमच्याकडं असाच मुका राह्यते काय?"

"मुका? अहो, सगळं गाव कंटाळलंय त्यांच्या तोंडाला!"

म्हातारे खूश झाले. दम खात खात म्हणाले, "पहिले माह्याशीही लय भांडे. बिडी हिसकून चुलीत टाके. मी शिव्या देओ. मजा ये. दिवाळीपासून बंद झाला. बिडी आनते, काडी लावते. मले समजत नाई काय, मास्तर? मरनाचं काई नाई, ते येनारच हाय. पन घरात असं गोड गोड सुरू झालं ना, तं मानूस जित्तेपनीच गेल्यासारखा वाटते. त्याले म्हना, भांड म्हना माह्याशी."

मी आत गेलो. डॉक्टर माझ्याकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारत होते. मी सगळं सांगितलं. पंप थांबला. ते वळले नाहीत.

"काय सांगू त्याईले, मास्तर? सांगाले काई उरलंच नाई. फुप्फुसं गेली दोन्ही. खानीनं खाल्ली. माह्याजवळ त्याईच्यासाठी औषध नाई."

"औषध नसलं तर नसू द्या," मी म्हटलं. "कटकट आहे ना?"

त्यांनी चहा उकळून कपांत गाळला. मग टॉवेलनं तोंड पुसलं, कप घेतले आणि बाहेर आले. खाटेपाशी थांबले. कप खाली ठेवले.

"बाबा! ते काय हाय हातात?" पहिले शब्द चिरकेच निघाले. "किती वेळा सांगतलं? आन् हे पाय उघडे टाकून कायले बसले? मोजे कुठी हायेत? मले लोकाइच्या बापाची काळजी, आन् माह्या बापाले अक्कल नाई!"

म्हातारे खाटेवर ताठ झाले. "चूप बे! बाप मी हाव का तू? मले शिकवते!"

"शिकवीन! हजारदा शिकवीन!"

शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावल्या. म्हाताऱ्यांना धाप लागली होती, खोकला येत होता, पण चेहरा उजळला होता. डॉक्टर खाली बसून, ओरडत ओरडत, बापाच्या पायात मोजे चढवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ते थांबत नव्हते. आणि म्हातारे, मोजा अर्धा चढला की, मुद्दाम पाय मागे ओढून घेत होते.