कुणी, कवा, कशापायी?

आमच्या ऑफिसात खुर्ची वीतभर सरकली तरी भागवतराव चौकशी लावतात. "कुणी सरकवली? कवा? कशापायी?" समाधान होईपर्यंत त्या खुर्चीवर ते बसत नाहीत, दुसऱ्यालाही बसू देत नाहीत.

तुळजापुरातल्या लॉजांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. खोल्यांच्या बुकिंगचा प्रोग्रॅम सुरेखावहिनींचा, म्हणजे भागवतरावांच्या बायकोचा. त्यांनी तो अणदूरला घरी बसून लिहिला. जेवणाच्या कुपनांचा भागवतरावांचा. कोडमधल्या प्रत्येक बदलाशेजारी कुणी केला, कधी, कशासाठी, हे नोंदलेलं असतं. त्यालाच कोडचा इतिहास म्हणायचं. गेल्या वर्षी वहिनी वारल्या. यंदा मालकांनी हुकूम सोडला, नवरात्राच्या आत दोन्ही कोड एक करा.

काम अर्ध्या तासाचं. फाइली एका फोल्डरात टाकायच्या, इतिहास सोडून द्यायचा. पण भागवतराव अडून बसले. "इतिहासासकट जोडीन, न्हायतर हात लावनार न्हाय."

"जुन्या नोंदींचं काय लोणचं घालायचंय?" मालक ओरडले.

पहिल्या खेपेला कोड जुळलं, पण सगळ्या नोंदींवर त्याच दिवसाची तारीख पडली. भागवतरावांनी सगळं पुसलं. दुसऱ्या खेपेला तारखा राहिल्या, पण प्रत्येक नोंदीवर नाव भागवतरावांचं. मी म्हणालो, "चांगलंय की, सगळं श्रेय तुम्हालाच." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्यापायी माझंही काम अडलं होतं, मीही वैतागलो होतो. शेवटी मालकांनी बजावलं, उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर इतिहास फेकायचा.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी त्यांची हाक आली. "हितं ये. बघ."

पडद्यावर दोन्ही इतिहास तारखेवार एकत्र लागले होते, जुनी नोंद खाली, नवी वर. भागवतराव खालून वर वाचत चालले होते. सुरेखा. भागवत. सुरेखा. सुरेखा. भागवत.

"ह्या दिवशी माझी कुपनं छापंना झालती. त्याच दिवशी तिची खोल्यांची यादी बिघडली. घरी दोघंबी चिडून गप. एकमेकाला सांगितलंच न्हाय."

मग एका नोंदीवर ते थांबले. सुरेखा : 'सहा नंबरच्या खोलीचं बुकिंग दुरुस्त. उरलेलं उद्या.'

तिच्या वर भागवत. भागवत. भागवत. पडदा भरून तेच नाव.

"हितनं वर म्या एकलाच," ते म्हणाले.

पलीकडची खुर्ची ओढून मी त्यांच्याजवळ बसलो. खुर्ची कुणी सरकवली, ते त्यांनी विचारलं नाही.