पदूदादांची मोजणी

आमच्या मोटरसायकल क्लबात पदूदादा माणसं मोजतात. नजरेनं नव्हे, हातानं. प्रत्येकाच्या हेल्मेटवर बोटाचं पेर वाजवत, "एक… दोन… तीन…" निघताना मोजतात, चहाला थांबल्यावर मोजतात, परत निघताना पुन्हा मोजतात. क्लबच्या स्नेहसंमेलनात तर जेवणाच्या रांगेत उघडी डोकीच वाजवली. माझं जरा जास्तच उघडं आहे. आवाज छान आला म्हणे.

दादा गव्हाणचे, साठी ओलांडलेले, मिठागरवाल्यांच्या घरातले. मी नवीन पनवेलचा, बावन्नाव्या वर्षी मोटरसायकल घेतलेला. पहिल्यांदा जॅकेट आणि गुडघ्यांना ढाली बांधून बाहेर आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "आणि तलवार?"

दर महिन्याला एका गॅरेजच्या माडीवर आमचं व्याख्यान असतं. फळ्यावर विषय काहीही असो, 'घाटातली वळणं' किंवा 'टायरमधली हवा', दादा उठले की गाडी एकाच गावाला जाते. "पुडं पलनाऱ्याला नुस्ता रस्ता लागतो. मागं बघनाऱ्याला अक्कल लागते! सगली आल्याबिगर च्या घ्यायचा नाय!" या नियमामुळे दहा जणांनी माझ्यापायी वर्षभर गार चहा प्यायला आहे. शेवटून दुसरा मी. शेवटचे दादा, पण ते मुद्दाम मागे राहतात, मी आपोआप.

एका रविवारी खोपोलीकडे निघालो होतो. शेडुंगच्या पुढे एकाची बॅग सुटली म्हणून दादा ती बांधायला थांबले. मी पुढे आलो आणि माझ्या कमरेत अशी कळ आली, की दुभाजकाची फट दिसताच गाडी वळवली ती थेट घरी. दादांना सांगायला थांबलो असतो तर सगळ्यांसमोर "कंबर" म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा घरी पोचून ग्रुपवर 'घरी आलोय' एवढाच मेसेज टाकला आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन पोहे खात पडलो.

तासाभरानं क्लबच्या अध्यक्षांचा फोन. "अहो, दादा तुम्हाला शोधायला मागे फिरलेत!"

"मेसेज टाकलाय की मी."

"दाखवला ना. तर म्हणाले, 'ही अक्षरं हायत. मानूस कुटं हाय?'"

गाडीवर दादा फोन बंद ठेवतात. मी दहा वेळा लावला. एक माणूस मला रस्त्याच्या कडेला शोधतोय आणि मी पिशवी उजवीकडून डावीकडे सरकवतोय!

बाराला बेल वाजली. दारात दादा. पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. वाटेतल्या प्रत्येक वळणावर गाडी लावून ते खाली उतरून बघत आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर पेर वाजवलं. "अकरा," म्हणाले, आणि चपलांच्या स्टॅंडवरच बसले.

आता शिव्या पडणार म्हणून मी पिशवी कमरेला धरूनच मान खाली घातली.

"सायेब, कंबर सगल्यांचीच दुखते. सांगून जावा. इतकंच."

बायकोनं पाणी आणलं, हातपाय धुवायला लावले आणि वालाच्या बिरड्यावर जेवायला बसवलं. "दादा, तुमच्या घरी काळजी करत असतील हो," ती म्हणाली.

"नाय वो वहिनी. बायको गेली त्याला सात वर्सं झाली. पोरगी कॅनडाला. घराला कुलूप हाय. त्ये कुटं कालजी करतंय!" एवढं बोलून ते स्वतःच हसले आणि भात मागून घेतला.

निघताना आम्ही फाटकापर्यंत गेलो. दादांनी गाडी सुरू केली, तशी बायको नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "पोचलात की फोन करा हां."

दादांनी गाडी बंद केली. हेल्मेट काढलं.

"कुनाला?"

"मला," ती म्हणाली. "अजून कुणाला?"

त्यांनी फोन काढला, चालू केला आणि तिचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत लिहून घेतला. दोनदा तपासला.

तीनच्या सुमारास तिचा फोन वाजला. मी पलीकडे कंबर धरून बसलो होतो. "वहिनी, पोचलो," एवढं मलाही ऐकू आलं. एवढ्यावर फोन ठेवतील असं वाटलं. पण उलव्याजवळ किती ट्राफिक होती, कुठे म्हशी आडव्या आल्या, कुलूप कसं गंजलंय, असं सगळं सुरू झालं. बायको शांतपणे "हो का… बरं… मग?" म्हणत पलंगाच्या कडेला टेकली, आणि मला हातानं खूण केली : चहा उतू जातोय, गॅस बंद करा.