आप्पांचा वाजता हात

आमच्या शेजारचे आप्पा भेटले की रामराम नाही की श्यामश्याम नाही; डावं मनगट थेट तुमच्या कानाला लावतात. "ऐका. गिरणी चालू हाय का न्हाई?"

आतून खरंच घरघर ऐकू येते. आप्पांची कुंडलला पिठाची गिरणी होती. किडन्या निकामी झाल्या, गिरणी विकली आणि डायलिसिससाठी नवराबायको सांगलीत राहायला आले. सुया टोचायला सोपं जावं म्हणून डॉक्टरांनी मनगटात धमनी शिरेला जोडून दिली आहे.

"पण वाजतं कशानं?" मी एकदा विचारलं.

"हरिपूरला वारणा कृष्णेत घुसती तवा पाणी सरळ जातंय व्हय? तसंच रगात. जोराचं रगात मऊ शिरंत घुसलं, की भवरं घेतंय. वाजतंय तवर आप्पा हाय."

उजव्या हाताची जोडणी आधीच बंद पडलेली. त्यामुळे डाव्या हाताचे लाड असे, की जावयाचेही कुणी करणार नाही. त्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा धरायची नाही. एका नव्या नर्सनं बीपीचा पट्टा त्या दंडाला गुंडाळला, तर आप्पांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मला वैताग यायचा. सकाळी सकाळी चहा पिताना दुसऱ्याचं रक्त कानाशी कशाला हवंय?

परवा सकाळी मनगट कानाला लागलं आणि काहीच ऐकू येईना.

"नीट ऐका की, मास्तर."

मी दुसरा कान लावला. मग आम्ही दवाखाना गाठला.

"हातावर वजन पडलं होतं? हात दाबून झोपलात?" डॉक्टरांनी विचारलं. आप्पा भिंतीकडे बघत "न्हाई" म्हणाले. आत रक्त गोठलं होतं. आता डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागणार होती.

डॉक्टर गेल्यावर मी चिडलोच. "एवढा जपलेला हात, आप्पा!"

"आमची ही झोपती त्यावर," ते हळूच म्हणाले. "मी न्हाणीत पडलो तवापासनं तिला झोपच न्हाई. सारखी उठून माझ्या नाकाशी बोट धरायची, जिता हाय का बघायला. मग हातावर कान ठिवाय लागली. आवाज आला की डोळा लागतो तिचा. काल हाताला मुंग्या आल्या, काढून घ्यावा वाटलं. पर लय दिसांनी घोरत हुती वो. तिला सांगू नगा."

तेवढ्यात काकू आत आल्या. "मास्तर, कशानं बंद पडलं वो?"

"थंडीनं," मी म्हणालो.

काकूंनी अंगावरची शाल काढून आप्पांच्या हाताला गुंडाळली. "आज रातच्याला मी डोस्क्याखाली घेते. ऊब लागली की हुईल चालू."

आप्पा म्हणाले, "घे की."